जॉबकार्डावर नसलेले नाव

मालवाहू वाहने बनवणाऱ्या कंपन्यांच्या सेवा विभागांचे प्रमुख
आणि नाशिक परिसरातील त्यांचे अधिकृत विक्रेते यांस,



विषय : वॉरंटीतील दुरुस्ती आणि ती मन लावून करणारा कारागीर

मुंबई–आग्रा महामार्गावर विल्होळीपासून आडगावपर्यंत आणि अंबड व सातपूरच्या औद्योगिक वसाहतींच्या आसपास मालवाहू गाड्यांची विक्री व दुरुस्ती करणाऱ्या अनेक अधिकृत कार्यशाळा आहेत, आणि नव्या गाडीची वॉरंटी चालू असेपर्यंत मालकाला त्यांच्यावाचून दुसरे दार फारसे उरत नाही. वॉरंटी म्हणजे ठरावीक मुदतीत किंवा ठरावीक किलोमीटरांच्या आत, सदोष साहित्यामुळे वा सदोष जोडणीमुळे निकामी झालेला भाग उत्पादकाने स्वखर्चाने दुरुस्त करून किंवा बदलून देण्याचे लेखी वचन होय. हे वचन कंपनी देते आणि त्याचा कागद विक्रेता पुरवतो, परंतु ते प्रत्यक्षात पाळतो तो गाडीखाली सरपटत जाणारा कारागीर. आणि त्याने ते उत्तम रीतीने पाळले तर त्याची नोंद करण्याची सोय आपल्या व्यवस्थेत जवळजवळ कुठेच नाही, हे या पत्राचे कारण आहे.

आपल्याकडे येणारी पत्रे बहुधा तक्रारीची असतात आणि त्यांना उत्तरे देण्याचा एक ठरलेला मसुदाही आपल्याकडे तयार असतो. या पत्रातही तक्रारी आहेत. मात्र त्या निष्काळजी कारागिराविरुद्ध नसून, काळजीने काम करणारा कारागीर पदरी असताना त्याच्या गुणाचा पुरता उपयोग होऊ न देणाऱ्या पद्धतीविरुद्ध आहेत, म्हणून तो ठरलेला मसुदा येथे लागू पडू नये अशी अपेक्षा आहे.

कारागिराचे लक्ष ही मोघम कौतुकाची गोष्ट नव्हे. ती तपशिलात दाखवता येते. भिवंडीहून माल भरून निघालेली गाडी कसारा घाट चढताना ओढेनाशी होते, समोरच्या फलकावरचा पिवळा दिवा लागतो, इगतपुरीनंतर सपाटी लागली की ती पुन्हा बरी चालू लागते, आणि नाशिकला कार्यशाळेच्या आवारात रिकामी उभी केली की तिच्यात काहीच दोष दिसत नाही, ही चालकांच्या नेहमीच्या तक्रारींपैकी एक आहे. घाईतला कारागीर अशा गाडीला लॅपटॉप जोडतो, इंजिनाच्या संगणकाने म्हणजे ईसीयूने नोंदवून ठेवलेला दोषाचा सांकेतिक क्रमांक वाचतो, तो पुसून टाकतो, दिवा विझल्याचे चालकाला दाखवतो आणि गाडी बाहेर काढतो. पुढच्या खेपेला त्याच घाटात तोच दिवा पुन्हा लागतो. लक्ष देणारा कारागीर तो क्रमांक पुसण्यापूर्वी त्याच्यासोबत साठवलेली 'फ्रीझ फ्रेम' पाहतो, म्हणजे दोष नोंदला गेला त्या क्षणी इंजिनाचे फेरे किती होते, भार किती होता, पाण्याचे तापमान किती होते याची नोंद तो आधी उतरवून घेतो, आणि मग चालकाला विचारतो की गाडी कितव्या गिअरमध्ये होती, हौद्यात किती टन माल होता, दिवा चढाला लागला की उताराला, आणि शेवटचा युरिया कुठल्या पंपावर भरला. या प्रश्नांना चार-पाच मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही, परंतु बिघाड सापडणे किंवा न सापडणे बहुधा याच चार-पाच मिनिटांत ठरते.

त्यानंतरची त्याची कामेही अशीच बारीक असतात. वायरिंगचा जुडगा चासीला घासून एखाद्या तारेचे आवरण गेले आहे काय, हे तो हाताने चाचपून पाहतो, कारण असली तार गाडी उभी असताना शाबूत वाटते आणि भाराने चासी पिळली की लोखंडाला टेकते. बॅटरीचे अर्थिंग सैल आहे काय, जोडणीच्या खोबणीत पाणी किंवा धूळ गेली आहे काय, हे तो एखादा महागडा सेन्सर बदलण्याआधी तपासतो. गिअरबॉक्स उतरवून पुन्हा चढवल्यावर काढलेली प्रत्येक क्लिप जागेवर परत बसली की नाही ते बघतो, कारण आज न बसवलेली दोन रुपयांची क्लिप हेच काही महिन्यांनी घासलेल्या तारेचे कारण ठरणार असते. नट आवळताना पान्याला पाइप लावून जोर काढण्याऐवजी टॉर्क पाना वापरतो आणि आवळलेल्या प्रत्येक नटावर रंगाची खूण करतो. इंजेक्टर बदलला असेल तर त्याच्या अंगावर छापलेला दुरुस्ती-क्रमांक तो ईसीयूत भरतो, कारण प्रत्येक इंजेक्टर डिझेल सोडण्यात दुसऱ्यापेक्षा किंचित वेगळा असतो आणि तो फरक संगणकाला सांगितला नाही तर नवा कोरा भाग बसवूनही इंजिन खडखडत राहते. यातले एकही काम मालकाला दिसत नाही आणि बिलावरही उमटत नाही. वॉरंटीत तर बिलच नसते.

हे लक्ष पूर्वीही मोलाचे होते, परंतु गेल्या काही वर्षांत ते अपरिहार्य झाले आहे, आणि त्याचे कारण उत्सर्जनाच्या नियमांत आहे. भारत स्टेज, म्हणजे बीएस, ही वाहनाच्या धुरातील घातक घटकांवर मर्यादा घालणारी मानके असून त्यांपैकी बीएस-४ हे १ एप्रिल २०१७ पासून देशभर लागू झाले, बीएस-५ ही पायरी वगळण्यात आली आणि १ एप्रिल २०२० पासून थेट बीएस-६ आले. त्याचा दुसरा टप्पा, ज्यात प्रत्यक्ष रस्त्यावरील उत्सर्जनही जमेस धरले जाते, तो १ एप्रिल २०२३ पासून सुरू झाला. जो बदल पचवायला एरवी पुष्कळ अवधी मिळाला असता, तो कार्यशाळांच्या वाट्याला अवघ्या तीन वर्षांत आला. जुन्या गाडीत मिस्त्रीने कान लावून ओळखायचा बिघाड आता कानाने ऐकू येत नाही, कारण इंजिन ठणठणीत असूनही धूर स्वच्छ करणारी यंत्रणा रुसली की संगणक स्वतःहून इंजिनाची ताकद कमी करतो. चालक मात्र एवढेच सांगू शकतो की गाडीला पिकअप नाही.

या यंत्रणेचे दोन भाग विशेष तापदायक ठरले आहेत. पहिला भाग म्हणजे धुरातील नायट्रोजनच्या ऑक्साइडांचा नाश करणारी एससीआर प्रणाली. तिच्यात शुद्ध पाण्यात ३२.५ टक्के युरिया विरघळवलेले द्रावण तापलेल्या धुरात फवारले जाते, त्यापासून अमोनिया तयार होतो आणि उत्प्रेरकावर त्या ऑक्साइडांचे रूपांतर निरुपद्रवी नायट्रोजन व पाणी यांत होते. चालक या द्रावणाला सरळ युरिया म्हणतात, आणि रस्त्याच्या कडेच्या एखाद्या दुकानातून घेतलेला भेसळीचा किंवा शेतीच्या खताचा युरिया त्यात गेला की फवारणीच्या तोंडाशी पांढरे खडे साचतात. दुसरा भाग म्हणजे काजळी अडवणारी गाळणी, डीपीएफ. तीत साचलेली काजळी सुमारे ६०० अंश सेल्सिअस तापमानाला जाळून टाकावी लागते आणि त्यासाठी गाडी काही काळ सलग वेगाने धावावी लागते. अंबडच्या कारखान्यातून सातपूरच्या गोदामापर्यंत दिवसभर थांबत-थांबत फेऱ्या मारणाऱ्या गाडीत हे ज्वलन अर्ध्यावर तुटते आणि गाळणी तुंबते. दोष गाडीचा नसतो, कामाच्या प्रकाराचा असतो, आणि हे मालकाला पटेल अशा भाषेत सांगणे हेही दुरुस्तीचेच काम आहे. ज्या कारागिराने मालकाला आठवड्यातून एकदा गाडी सिन्नरच्या रस्त्याने सलग पळवून आणायला सुचवले, त्याने त्या दिवशी एकही भाग बदलला नाही, परंतु पुढच्या कित्येक फेऱ्या वाचवल्या.

हे सारे नाशिकमध्ये सांगावे लागावे यात काहीसा विरोधाभास आहे. डिझेल इंजिनाचे नोझल व इंजेक्टर, ज्यांची छिद्रे केसाच्या जाडीशी तुलना करण्याइतकी बारीक असतात आणि ज्यांच्यातून डिझेल वातावरणाच्या दाबाच्या हजाराहून अधिक पट दाबाने सुटते, ते या शहरात सातपूरला बनतात. तो कारखाना आज बॉश या नावाने चालत असला तरी त्र्यंबक रस्त्यावरचा चौक अजून त्याच्या जुन्या नावावरून मायको सर्कलच म्हणवतो. महिंद्राचा वाहन कारखानाही याच शहरात आहे, त्या कंपनीचा इंजिनांचा कारखाना इगतपुरीला आहे, आणि शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्था, म्हणजे आयटीआय, सातपूरला त्र्यंबक रस्त्यावर आहे. मायक्रॉनमध्ये मोजण्याची सवय असलेल्या माणसांच्या या गावात त्याच सुट्या भागांची दुरुस्ती करणाऱ्याकडे मात्र फक्त हात काळे करणारा माणूस म्हणून पाहिले जाते. आयटीआयमधील डिझेल मेकॅनिकचा अभ्यासक्रम एका वर्षाचा आहे. एवढ्या अवधीत पिस्टनपासून संगणकापर्यंतचे सगळे शिकवून होणे शक्य नाही, तेव्हा उरलेले शिक्षण आपल्या कार्यशाळेतच, एखाद्या जाणत्या कारागिराच्या शेजारी उभे राहून होते. जो कारागीर स्वतःचे काम करता करता हेल्पर मुलाला 'आधी वाच, मग पूस' एवढे शिकवतो, तो आपले प्रशिक्षण केंद्र विनावेतन चालवत असतो.

आता तक्रारींकडे वळावे.

सर्वांत मोठी तक्रार मोबदल्याच्या पद्धतीविषयी आहे. वॉरंटीतील कामाचा खर्च विक्रेता कंपनीकडे दावा करून वसूल करतो, आणि त्या दाव्यात मजुरी ही प्रत्यक्ष लागलेल्या वेळावरून नव्हे, तर कंपनीने प्रत्येक कामासाठी आधीच ठरवून ठेवलेल्या प्रमाणित श्रमकालावरून दिली जाते. अमुक सेन्सर बदलणे याला अमुक इतका वेळ, क्लच उतरवून चढवणे याला अमुक इतका, असा तो तक्ता असतो. ही पद्धत हिशेबाला सोयीची आणि लबाडीला आळा घालणारी आहे, हे मान्य करायला हरकत नाही. परंतु तिचा परिणाम असा की भाग बदलण्याला किंमत मिळते आणि बिघाड शोधण्याला ती एक तर मिळतच नाही किंवा नाममात्र मिळते. ज्या कारागिराने दोन तास वायरिंग चाचपून एक सैल अर्थिंग शोधले आणि घट्ट केले, त्याच्या नावावर दाव्यात जवळजवळ काहीच लागत नाही. ज्याने अंदाजाने धुरातील नायट्रोजनची ऑक्साइडे मोजणारा सेन्सर बदलून टाकला, त्याने कार्यशाळेला मजुरीही मिळवून दिली आणि सुट्या भागाच्या हाताळणीचा वाटाही. बिघाड पुन्हा उद्भवला तर दुसरा भाग, दुसरा दावा. महिनाअखेरीस कार्यशाळेच्या व्यवस्थापकाने या दोघांच्या कामाचे आकडे शेजारी ठेवले तर पहिला आळशी आणि दुसरा कर्तबगार ठरतो. आपल्या कंपनीचा वॉरंटीवरचा खर्च का वाढतो याची कारणे शोधण्यासाठी आपण सल्लागार नेमत असाल तर त्यांनी प्रथम हा तक्ता वाचावा. बिघाड शोधण्याच्या वेळेची, पुराव्यासह नोंदवलेली असेल तर, स्वतंत्र मजुरी द्यावी, ही त्यामुळे या पत्रातील पहिली आणि सर्वांत आग्रहाची विनंती आहे. नको असलेला एक सेन्सर वाचला तरी त्या मजुरीची भरपाई होते, एवढा हिशेब आपल्या लेखा विभागाला अवघड जाऊ नये.

दुसरी तक्रार नाकारलेल्या दाव्यांची आहे. काढलेला भाग चिठ्ठी बांधून ठेवला जातो, कंपनीचा प्रतिनिधी तो तपासतो किंवा मागवून घेतो, आणि दोष साहित्याचा नसून वापराचा आहे असे त्याचे मत पडले तर दाव्याची रक्कम विक्रेत्याच्या खात्यातून वळती केली जाते. तपासणी असावी यात वाद नाही. परंतु या वळतीचा बोजा पुष्कळदा शेवटी कारागिराच्या अंगावर रागाच्या रूपाने येतो, आणि त्याचा अनुभवसिद्ध परिणाम असा की तो पुढच्या वेळी मालकाच्या बाजूने खरे मत लिहायला कचरतो. युरियात भेसळ होती असे सांगून दावा नाकारायचा असेल तर द्रावणाची तीव्रता अपवर्तनमापकावर, म्हणजे प्रकाशाच्या वाकण्यावरून द्रावणातील प्रमाण सांगणाऱ्या लहानशा उपकरणावर, मालकाच्या देखत मोजावी आणि आकडा जॉबकार्डावर लिहावा. जॉबकार्ड म्हणजे गाडी आत घेताना भरला जाणारा तक्रारीचा व कामाचा कागद. चांगला कारागीर हे आजही करतो आणि आकडा चालकाला दाखवतो, मग तो मालकाच्या विरुद्ध जाणारा का असेना. अशा वेळी मालक चिडतो, पण फसवले गेल्याची भावना घेऊन तो घरी जात नाही, आणि ही गोष्ट विक्रेत्याने कमी लेखू नये.

तिसरी गोष्ट काचेच्या भिंतीची. आपल्या बहुतेक कार्यशाळांत चालक व मालक यांच्याशी बोलण्यासाठी सेवा सल्लागार नेमलेला असतो. तो तक्रार ऐकतो, संगणकात ठरावीक वर्गांपैकी एक वर्ग निवडतो आणि कागद आत पाठवतो. कसाऱ्याच्या कोणत्या वळणावर, किती भाराने, कुठल्या गिअरमध्ये हे सारे त्या वर्गात 'पिकअप कमी' एवढेच उरते. चालकाला विश्रांतीच्या खोलीत बसवले जाते, कारागिराला बाहेर येण्याची मुभा नसते, आणि ज्या दोन माणसांना त्या गाडीविषयी सर्वांत जास्त माहिती आहे त्यांची गाठच पडत नाही. सुरक्षिततेसाठी चालकाला गाडीखाली जाऊ न देणे योग्यच. परंतु काम सुरू होण्यापूर्वी आणि संपल्यावर कारागिराने चालकाशी समोरासमोर बोलावे आणि अवघड तक्रारीत गाडी भरलेली असतानाच, चालकाला शेजारी बसवून, घाटापर्यंत चालवून पाहावी, हा नियम करण्यात कोणती अडचण आहे हे समजत नाही. रिकाम्या गाडीची विल्होळी फाट्यापर्यंतची चक्कर ही अशा बिघाडाची चाचणी होऊ शकत नाही, हे आपल्या अभियंत्यांना सांगण्याची गरज नसावी.

येथे वेळेचा प्रश्न येतो. जानेवारी ते एप्रिल हा निफाड व दिंडोरीच्या द्राक्षांचा हंगाम; त्या काळात मुंबईच्या बंदराकडे जाणारी शीतकंटेनरची गाडी एक दिवस उभी राहिली तर भाडे तर बुडतेच, शिवाय निर्यातदार पुढच्या वेळी दुसऱ्या वाहतूकदाराला फोन करतो. लासलगाव व पिंपळगाव बसवंतच्या बाजारांतून कांदा उचलणाऱ्यांचीही तीच गत. वॉरंटीच्या अटींत भाग आणि मजुरी यांची हमी असते, बुडालेल्या भाड्याची बहुधा नसते, आणि बँकेचा किंवा फायनान्स कंपनीचा हप्ता गाडी कार्यशाळेत आहे म्हणून थांबत नाही. दुरुस्ती ठरावीक तासांत न झाल्यास दिवसाला ठरावीक रक्कम देण्याची योजना काही उत्पादकांनी जाहीर केलेली आहे, तिचे स्वागतच केले पाहिजे. तथापि तासांचे बंधन केवळ कारागिरावर पडले आणि सुटा भाग गोदामातून यायलाच चार दिवस लागले, तर योजनेतून निष्पन्न होते ती घाई, आणि घाईत पहिला बळी जातो तो फ्रीझ फ्रेमचा. भाग केव्हा मागवला आणि केव्हा आला या वेळा जॉबकार्डावर छापल्या तर उशिराचा दोष जिथला तिथे दिसेल.

मालकाच्या कायदेशीर स्थितीचाही येथे उल्लेख करणे आवश्यक आहे, कारण मालवाहू गाडी व्यापारी हेतूने घेतलेली असल्याने तिच्या मालकाला ग्राहक कायद्याचे संरक्षणच नाही, असा समज बऱ्याच ठिकाणी आढळतो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ व्यापारी हेतूची खरेदी वगळतो हे खरे, पण केवळ स्वयंरोजगाराद्वारे उपजीविका करण्यासाठी घेतलेली वस्तू त्या वगळण्यात येत नाही. आधीच्या, १९८६ च्या कायद्याखाली सर्वोच्च न्यायालयाने लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स विरुद्ध पी.एस.जी. इंडस्ट्रियल इन्स्टिट्यूट या १९९५ च्या निवाड्यात उदाहरणच ट्रकचे दिले होते: भाड्याने माल वाहून नेण्यासाठी स्वतः चालवायचा ट्रक घेणारा माणूस ग्राहक ठरतो, आणि गाडी चालवण्यासाठी त्याने एक-दोन माणसांची मदत घेतली म्हणून तो ग्राहक उरत नाही असे होत नाही. नाशिकमधील एक-दोन गाड्यांच्या अनेक मालकांना हे उदाहरण तंतोतंत लागू पडते. असे प्रकरण ग्राहक आयोगापुढे गेल्यास गाडी किती वेळा आली, कोणता दोष नोंदला गेला आणि कारागिराने काय पाहिले, हाच पुरावा असतो. काळजीपूर्वक लिहिलेले जॉबकार्ड मालकाच्या उपयोगी पडते तितकेच ते प्रामाणिक विक्रेत्याच्याही उपयोगी पडते, आणि 'तपासले, ठीक आढळले' या तीन शब्दांनी कोणाचाच बचाव होत नाही.

मालकवर्गालाही या पत्रात दोन शब्द सांगणे न्यायाचे होईल, जरी ते मुख्य संबोधित नसले तरी. स्वस्त युरिया भरून, क्षमतेपेक्षा जास्त माल लादून आणि ते दोन्ही लपवून कारागिराकडून अचूक निदानाची अपेक्षा करणे योग्य नाही. त्याचप्रमाणे काम चांगले झाले की चहापाण्याचे म्हणून नोट पुढे करणे ही कृतज्ञता दाखवण्याची जुनी रीत असली, तरी तिने कारागिराच्या नोंदीत काही भर पडत नाही आणि पुढच्या गाडीवाल्याला मात्र नोट द्यावी लागते. त्याऐवजी विक्रेत्याला उद्देशून त्याच्या नावाने चार ओळी लिहून देणे अधिक उपयोगाचे ठरेल.

परंतु त्या चार ओळी द्यायच्या कोणाला, हा प्रश्न पुन्हा आपल्यापाशीच येतो. मालकाच्या हाती पडणाऱ्या कागदावर सहसा सल्लागाराचे नाव असते, कारागिराचे नसते. दुरुस्तीनंतर येणारा समाधान-चौकशीचा दूरध्वनी प्रतीक्षाकक्ष स्वच्छ होता काय, गाडी धुऊन दिली काय, वेळेची माहिती मिळाली काय असे विचारतो आणि गुण मागतो. काही ठिकाणी तर दूरध्वनी येण्यापूर्वीच सगळे गुण द्यावेत अशी विनवणी सल्लागाराकडून केली जाते, कारण त्याचे प्रोत्साहन-वेतन त्यावर अवलंबून असते, आणि मग पूर्ण गुण देणाऱ्या व न देणाऱ्या कार्यशाळांतला फरक कोणालाच कळेनासा होतो. बिघाड कशामुळे झाला होता हे कोणी समजावून सांगितले काय, हा एक प्रश्न त्या यादीत घातला तर इतर सहा गाळायला हरकत नाही.

या उपेक्षेची किंमत आपण मोजतच आहात. गाडीचा बिघाड शोधण्यात ज्याचा हात बसला आहे असा कारागीर काही वर्षांनी आपली कार्यशाळा सोडून महामार्गालगत स्वतःचे गॅरेज टाकतो, हे नाशिकला नवे नाही, आणि वॉरंटी संपलेल्या गाड्या मग त्याच्यामागे जातात. त्याला अडवण्यासाठी निदानाची साधने व सुटे भाग बाहेर न देण्याचा मार्ग काही उद्योगांनी चोखाळून पाहिला. मोटारगाड्यांच्या बाबतीत याच प्रकारच्या निर्बंधांबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता, आणि केंद्र सरकारने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काविषयी जे काम सुरू केले त्यात वाहन क्षेत्राचाही समावेश आहे. म्हणजे माहिती कोंडून ठेवून माणूस टिकवण्याचे दिवस सरत आले आहेत. त्याला टिकवायचे तर त्याच्या पगाराची पायरी बदललेल्या भागांच्या संख्येवर न ठेवता पहिल्याच भेटीत कायमच्या बऱ्या झालेल्या गाड्यांच्या संख्येवर ठेवावी लागेल. ही संख्या आपल्याकडे आहे, कारण गाडी त्याच तक्रारीसाठी पुन्हा आली की नाही हे आपला संगणक एका क्षणात सांगतो.

तेव्हा विनंती एवढीच की नाशिक परिसरातील कार्यशाळांपासून आरंभ करून जॉबकार्डाच्या मालकाला मिळणाऱ्या प्रतीवर काम करणाऱ्या कारागिराचे नाव, त्याने पाहिलेला दोष, तो सापडण्याची पद्धत आणि त्याला लागलेला वेळ या नोंदी मराठीत, वाचता येतील अशा अक्षरांत छापाव्यात. त्या वेळेची मजुरी दाव्यात मान्य करावी. आणि येत्या द्राक्ष हंगामापूर्वी, म्हणजे डिसेंबरअखेर, ही पद्धत किमान एका कार्यशाळेत सुरू करून तिचा अनुभव स्थानिक वाहतूकदारांना कळवावा. २०२७ च्या सिंहस्थाच्या कामांसाठी शहरात येणाऱ्या टिपरांची भर लक्षात घेता, त्यानंतर सुरू करायला आपल्याकडे सवड उरेल असे वाटत नाही.



आपला विश्वासू,
मालवाहतुकीचा एक अभ्यासक
नाशिक